मोजपट्टी कोणाची?
मानसशास्त्रातील स्त्री आणि शंभर वर्षांचा एक वाद

सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे अध्ययन चालू असताना मानसशास्त्राच्या एका तासाला आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर एक शिडी काढली होती. सहा पायऱ्यांची ती शिडी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांची. मनुष्याची नैतिक जाण टप्प्याटप्प्याने कशी वर चढते, हे तीत दाखविले होते. सर्वांत खाली शिक्षेचे भय, सर्वांत वर विश्वव्यापी न्यायतत्त्वांवरची निष्ठा. आम्ही ती शिडी वहीत उतरवून घेतली, परीक्षेत लिहिली आणि चांगले गुणही मिळविले. ही शिडी कोणाला मोजून बांधली, हा प्रश्न मात्र त्या वर्गात कोणालाच सुचला नाही. अर्थात वर्गात आम्ही सारे पुरुषच होतो.

गुरुदीक्षेनंतर काही वर्षांनी धर्मग्रामाच्या कार्यालयात एक तरुण विधवा आमच्याकडे सल्ल्यासाठी आली. घराची वाटणी व्हायची होती. दिरांनी तिला तिच्या हक्काच्या वाट्यापेक्षा बरेच कमी देऊ केले होते आणि ती तेवढ्यावर सही करावयास निघाली होती. आम्ही तिला न्याय, हक्क आणि कायदा यांविषयी पुष्कळ सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "फादर, भांडण जिंकेन मी. पण मग म्हातारीला कोण बघणार?" म्हातारी म्हणजे तिची सासू. ती थोरल्या दिराकडे असे. त्या क्षणी आमच्या मनात फळ्यावरची ती शिडी उभी राहिली आणि आम्ही मनोमन निकाल दिला, ही बाई तिसऱ्या पायरीवर आहे. इतरांना बरे वाटावे, नाती टिकावीत, एवढ्यापुरतीच हिची नीती. तिला हे आम्ही बोलून दाखविले नाही. पण आमच्या बोलण्यातला सूर तिला कळल्यावाचून राहिला नसावा.

पुढे वाचन वाढले तेव्हा ध्यानात आले की आमच्या त्या निकालामागे एक लांबलचक इतिहास आहे. मानसशास्त्र जन्मास आले तेव्हापासून त्याने स्त्रीला मोजावयास घेतले, आणि तेव्हापासूनच काही स्त्रियांनी त्या मोजणाऱ्यांच्या हातातील मोजपट्टी तपासावयास घेतली. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

मेंदूचे वजन

स्त्री म्हणजे अपूर्ण राहिलेला पुरुष, हे मत ॲरिस्टॉटलचे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात ते विचारात घेतले. एकेका देहाच्या उत्पत्तीपुरते त्यांनी ते मान्य केले; परंतु निसर्गाच्या समग्र योजनेत स्त्री उणी नाही, ती देवाच्या हेतूनेच निर्माण झाली आहे, असेही त्यांनी बजावले. आपल्या घराचा हिशेब आधी मांडावा म्हणून हे सांगितले. एकोणिसाव्या शतकातील विज्ञानाने ॲरिस्टॉटलला रजा दिली खरी, पण त्याची मोजपट्टी मात्र ठेवून घेतली.

फ्रान्समधील नामवंत शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी पॅरिसच्या इस्पितळांतील मृतांचे मेंदू तोलले होते. त्यांच्या आकड्यांनुसार २९२ पुरुषांच्या मेंदूंचे सरासरी वजन १३२५ ग्रॅम, तर १४० स्त्रियांच्या मेंदूंचे ११४४ ग्रॅम भरले. म्हणजे १८१ ग्रॅमची तूट. ब्रोका लबाड नव्हते. त्यांचे आकडे चोख होते. पण स्त्रिया उंचीने लहान असतात आणि देह लहान तर मेंदूही लहान, हे ठाऊक असूनही त्यांनी तो फरक वजा केला नाही. स्त्री बुद्धीनेही थोडी कमीच असते, असे त्यांनी आधीच गृहीत धरले होते. जे सिद्ध करावयाचे तेच आधाराला घेतले, तर हिशेब जुळणारच!

पुढे कोणी म्हणाले, मेंदूच्या वजनावर बुद्धी ठरत असेल तर हत्तीला तत्त्वज्ञ मानावे लागेल. तेव्हा देहाच्या प्रमाणात मेंदू मोजण्याची कल्पना निघाली. त्या हिशेबात स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीला, प्रसंगी वरचढ ठरू लागल्या, आणि ती मोजपट्टी मागे पडली. मग मेंदूच्या भागांकडे लक्ष वळले. बुद्धीचे स्थान मेंदूच्या पुढच्या भागात आहे असे मानत तोवर स्त्रीचा पुढचा भाग लहान दिसत होता. शतक संपता संपता मधल्या भागाला महत्त्व आले, तेव्हा तिचा पुढचा भाग मोठा आणि मधला लहान दिसू लागला. स्टेफनी शील्ड्स या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९७५ साली हा सारा इतिहास संगतवार मांडला. निकाल ठरलेला आणि पुरावा बदलता, अशी ही तऱ्हा होती.

तिला पहिला मोठा शह लंडनमध्ये एका गणितज्ञ स्त्रीने दिला. ॲलिस ली या कार्ल पिअर्सन यांच्या सहकारी. जिवंत माणसाच्या डोक्याच्या मापांवरून कवटीचे घनफळ काढण्याची रीत त्यांनी बसविली. डब्लिन येथे १८९८ साली भरलेल्या शरीररचनाशास्त्रज्ञांच्या सभेतील ३५ विद्वान, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील पुरुष अध्यापक आणि बेडफर्ड कॉलेजच्या विद्यार्थिनी, अशा सर्वांची मापे त्यांनी पडताळून पाहिली. कवटी आणि बुद्धी यांचा काही मेळ बसेना. काही थोर शरीररचनाशास्त्रज्ञांच्या कवट्या कित्येक विद्यार्थिनींच्या कवट्यांहून लहान निघाल्या. १९०१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर कवटीच्या मापावरून बुद्धी सांगणाऱ्या विद्वानांची पंचाईत झाली असल्यास नवल नाही. कारण आता मोजले गेले होते ते त्यांचेच डोके!

विश्रांतीचा सल्ला

दुसरा आक्षेप अधिक कनवाळू होता आणि म्हणूनच अधिक घातक. १८७३ साली हार्वर्डशी संबंधित डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी मुलींच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिले. मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर शरीराची शक्ती मेंदूकडे वळते आणि मातृत्वाच्या अवयवांची वाढ खुंटते, असे त्यांचे प्रतिपादन. सबब मासिक पाळीच्या दिवसांत मुलींना अभ्यासापासून दूर ठेवावे. आधाराला त्यांच्याजवळ होत्या केवळ दवाखान्यात आलेल्या काही मोजक्या रुग्ण मुली.

डॉ. मेरी पुटनम जॅकोबी यांनी निरोगी स्त्रियांनाच विचारावयाचे ठरविले. २६८ स्त्रियांनी त्यांच्या प्रश्नावलीला उत्तरे दिली. शिवाय काही स्त्रियांची नाडी आणि शक्ती यांची महिन्याभरातील मापे त्यांनी घेतली. पाळीच्या दिवसांत सक्तीची विश्रांती आवश्यक असल्याचे काहीच त्यातून निघाले नाही. हा निबंध त्यांनी नाव न देता हार्वर्डच्याच बॉयल्स्टन पारितोषिकासाठी धाडला आणि १८७६ साली ते पारितोषिक मिळविले. येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. डॉ. जॅकोबी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या ज्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८६४ साली उत्तीर्ण झाल्या, त्याच महाविद्यालयातून १८८६च्या मार्च महिन्यात आपल्या आनंदीबाई जोशी यांनी पदवी घेतली आणि त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. स्त्रीच्या देहाला विद्या सोसत नाही, असे हार्वर्डचा डॉक्टर सांगत होता त्याच पिढीत ही घटना घडली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पदवीचे मोल आणखी कळते.

मोजणाऱ्यांच्या पंक्तीत

मोजणारे केवळ पुरुषच असावेत, अशीही तजवीज होती. मेरी कॅल्किन्स यांनी हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स आणि ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली अध्ययन केले. १८९५ साली डॉक्टरेटच्या तोडीची परीक्षा त्या उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या. अध्यापकांनी शिफारस केली. पण स्त्री म्हणून हार्वर्डने पदवी नाकारली. पुढे १९०२ साली रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयाची पदवी देऊ केली गेली, ती बाईंनी घेतली नाही. काम हार्वर्डमध्ये केले असता पदवी दुसरीकडची का घ्यावी, असा त्यांचा सरळ सवाल होता. १९०५ साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. पदवी अखेरपर्यंत मिळाली नाही.

एडवर्ड टिचनर यांनी १९०४ साली प्रयोगनिष्ठ मानसशास्त्रज्ञांचे एक मंडळ काढले आणि त्यात स्त्रियांना मज्जाव केला. ज्यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविणारी पहिली विद्यार्थी एक स्त्री, मार्गारेट वॉशबर्न, होती, त्याच टिचनर यांचा हा नियम! रंगदृष्टीच्या अभ्यासक क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन यांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहून त्याचा निषेध केला. त्यांची स्वतःची कथा तर विलक्षण आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉक्टरेटचे काम त्यांनी १८८२ साली पुरे केले आणि पदवी हाती पडली ती १९२६ साली, ४४ वर्षांनी. जर्मनीतही निराळे नव्हते. ब्रेस्लाऊ येथे मानसशास्त्र शिकून तत्त्वज्ञानाकडे वळलेल्या एडिथ स्टाइन यांना १९१९ साली ग्योटिंगेन विद्यापीठात अध्यापनाची पात्रता मिळविण्याचा मार्ग बंद झाला. त्यांनी सरकारकडे दाद मागितली, आणि स्त्री असणे हा त्यासाठी अडथळा ठरू नये, असा निर्णय १९२० साली प्रशियाच्या शासनाने दिला. १९९८ साली ज्यांना संतपद देण्यात आले त्या ह्याच.

शिष्येने गुरूला दाखविलेले आकडे

एवढ्या अडथळ्यांतून ज्या स्त्रिया प्रयोगशाळेत पोहोचल्या, त्यांनी प्रथम काय केले? त्यांनी पुन्हा मोजले. शिकागो विद्यापीठात हेलन थॉम्प्सन यांनी २५ तरुण आणि २५ तरुणी घेऊन स्पर्श, दृष्टी, स्मरण, हालचालींचा वेग, बुद्धी अशा अनेक अंगांनी चाचण्या केल्या. त्यांचा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. भेद आढळले ते बहुधा बारीक. दोन्ही गटांतील मापे एकमेकांत मिसळलेली. आणि जो फरक उरला त्याचे मूळ मुलामुलींच्या वेगवेगळ्या संगोपनात शोधता येण्याजोगे. काही वर्षांनी, विवाहोत्तर हेलन वूली या नावाने लिहिताना, त्यांनी १९१० साली स्पष्टच म्हटले की, ज्या क्षेत्राला शास्त्र म्हणवून घ्यावयाचे आहे त्यात इतका उघड व्यक्तिगत पूर्वग्रह दुसरीकडे कोठे आढळत नाही.

तथापि या साऱ्यांत आम्हांस अधिक मोलाची वाटते ती लेटा हॉलिंगवर्थ यांची कामगिरी. १८८६ साली नेब्रास्कात जन्मलेली ही बाई शाळेत शिकवीत असे. १९०८ साली विवाह करून न्यूयॉर्कला आल्यावर कळले की तेथील सार्वजनिक शाळा विवाहित स्त्रीला शिक्षिका म्हणून घेत नाहीत. घरात बसून राहणे जिवावर आले, तेव्हा त्यांनी पुढील शिक्षणाची वाट धरली. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे मार्गदर्शक होते एडवर्ड थॉर्नडाइक.

त्या काळी एक सिद्धांत फार मान्यता पावला होता. डार्विन यांनी १८७१ साली त्याचे बीज पेरले आणि हॅव्हलॉक एलिस यांनी १८९४ साली तो वाढविला. सरासरीने स्त्री-पुरुष सारखे असतीलही, पण पुरुषांत चढउतार अधिक. म्हणून अलौकिक बुद्धिमंतही पुरुषांत अधिक आणि मंदबुद्धीही पुरुषांतच अधिक. स्त्रिया साऱ्या मध्यावर. हा सिद्धांत दिसावयास निरुपद्रवी, पण त्यातून व्यवहार निघत असे. स्त्रियांत थोर विद्वान क्वचितच निपजणार असतील, तर त्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च कशाला? स्वतः थॉर्नडाइक यांनी १९०६ साली हाच युक्तिवाद केला होता. म्हणजे शिष्येला गुरूच्याच मताची परीक्षा घ्यावयाची होती.

हॉलिंगवर्थबाईंनी तीन दिशांनी ती घेतली. पुरुषांत चढउतार निसर्गतःच अधिक असेल तर तो जन्मतः दिसावयास हवा. म्हणून हेलन माँटेग्यू यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्कच्या एका इस्पितळातील १००० मुलगे आणि १००० मुली अशा २००० नवजात बालकांची मापे तपासली. मुलगे आकाराने किंचित मोठे होते. चढउतार मात्र मुलग्यांत अधिक नव्हता. हा अभ्यास १९१४ सालचा.

दुसरा मुद्दा मंदबुद्धींच्या संस्थांचा. तेथे पुरुष अधिक भरती होतात, हा तर पुराव्याचा कळस मानला जाई. हॉलिंगवर्थ अशाच व्यक्तींची परीक्षा करणाऱ्या एका सार्वजनिक केंद्रात काम करीत होत्या. तेथील १००० व्यक्तींच्या नोंदी चाळताना त्यांना वयाचा एक चमत्कार दिसला. मुलगे लहानपणीच आणले जात; स्त्रिया मात्र पुष्कळदा प्रौढ झाल्यावर येत. मुलाने शिकावे, कमवावे, ही अपेक्षा. तो मागे पडला की लगेच लक्षात येई. मुलगी मात्र भांडी घासते, मुले सांभाळते, तिच्या बुद्धीची चौकशी कोण करणार? घरातला आधार तुटला की मगच तिला संस्थेचे दार दिसे. स्त्रियांत मंदबुद्धी कमी नव्हत्या; त्या घरकामाच्या आड झाकल्या गेल्या होत्या. आणि त्याच न्यायाने, बाईंनी सुचविले, बुद्धिमंत स्त्रियाही त्याच घरकामाच्या आड झाकल्या गेल्या असतील. आमच्या मते या एका निरीक्षणात पुढच्या शतकाची सारी स्त्रीवादी मीमांसा सामावलेली आहे. संस्थेची दप्तरे निसर्ग मोजीत नव्हती, ती समाजाची अपेक्षा मोजीत होती.

तिसरा अभ्यास डॉ. क्लार्क यांच्या जुन्या समजुतीचा. २३ स्त्रियांच्या, आणि तुलनेसाठी २ पुरुषांच्या, मानसिक व शारीरिक चाचण्या त्यांनी सातत्याने घेतल्या. काहींच्या तर तीन महिने दररोज. पाळीच्या दिवसांत कामगिरी खालावते, असे काहीच दिसले नाही. हाच त्यांचा प्रबंध. १९१६ साली थॉर्नडाइक यांच्याच हाताखाली त्यांना डॉक्टरेट मिळाली. गुरूने आपल्या मताविरुद्धचे आकडे स्वीकारले, हेही नमूद केले पाहिजे.

मुले, स्वयंपाकघर, देवालय

यानंतरची काही दशके या टीकेला ओहोटी लागली. मनोविश्लेषणाच्या गोटात कॅरेन हॉर्नी यांनी १९२६ साली म्हटले होते की, फ्रॉइडपंथीयांनी रंगविलेले स्त्रीचे मन हे लहान मुलाच्या मुलीविषयीच्या कल्पनेशी विलक्षण जुळते. त्यांचे ऐकले गेले नाही. १९३६ साली लुईस टर्मन आणि कॅथरिन माइल्स यांनी पुरुषीपणा आणि बायकीपणा ही एकाच पट्टीची दोन टोके धरून चाचणी बसविली. म्हणजे जो एकीकडे सरकला तो दुसरीकडून हटला. एकच व्यक्ती खंबीरही असू शकते आणि मायाळूही, हे चाचणीच्या भाषेत मान्य होण्यास सँड्रा बेम यांची १९७४ सालची नवी पट्टी यावी लागली.

ओहोटी संपली ती १९६८ साली. नेओमी वाइसटाइन या तरुण मानसशास्त्रज्ञ स्त्रीने एक निबंध वाचला. त्याच्या शीर्षकात तिने जर्मन भाषेतील एक जुनी म्हण योजली होती. तिचा अर्थ, मुले, स्वयंपाकघर आणि देवालय, एवढेच स्त्रीचे जग. ही म्हण आता शास्त्रीय नियम म्हणून खपविली जात आहे, असा तिचा आरोप होता. त्या तिघांतले तिसरे नाव वाचून आमच्यासारख्याने दचकावयास हवे, आम्हीही दचकलो.

वाइसटाइन यांचा मुख्य आधार रॉबर्ट रोझेन्थाल यांच्या प्रयोगांचा होता. एकसारख्याच उंदरांचे दोन गट करून विद्यार्थ्यांना सांगण्यात आले की, हे उंदीर हुशार वाणाचे आणि ते मठ्ठ वाणाचे. भुलभुलैयात सोडले असता 'हुशार' म्हणून दिलेले उंदीर खरोखरच सरस ठरले. प्रयोग करणाऱ्याची अपेक्षा उंदरांपर्यंत पोहोचते, तर रुग्ण स्त्रीपर्यंत पोहोचणार नाही काय? मानसशास्त्र स्त्रीविषयी काहीच सांगू शकत नाही, कारण ते तिच्या भोवतालची परिस्थिती पाहतच नाही, हा निबंधाचा निष्कर्ष.

दोनच वर्षांत, १९७० साली, इंगे ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी त्याला पुष्टी दिली. मनोरुग्णांवर उपचार करणाऱ्या ७९ तज्ज्ञांना, त्यांत ४६ पुरुष व ३३ स्त्रिया होत्या, गुणांची एक यादी देण्यात आली. काहींनी निरोगी पुरुषाचे, काहींनी निरोगी स्त्रीचे आणि काहींनी नुसत्या निरोगी प्रौढ व्यक्तीचे वर्णन करावयाचे होते. 'प्रौढ व्यक्ती' आणि 'पुरुष' यांची वर्णने जवळजवळ एक निघाली. 'स्त्री'चे वर्णन वेगळे निघाले. ती अधिक परावलंबी, अधिक हळवी, चटकन बहकणारी. म्हणजे स्त्रीने चांगली स्त्री व्हावे तर ती निरोगी प्रौढ ठरत नाही, आणि निरोगी प्रौढ व्हावे तर चांगली स्त्री राहत नाही. ध्यानात घ्या, हा निकाल देणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. मोजपट्टी एकदा हाती दिली की ती धरणारा हात कोणाचा, याने फारसा फरक पडत नाही.

शिडी आणि तिसरी पायरी

आता आमच्या फळ्यावरच्या शिडीकडे येऊ. कोलबर्ग यांचा प्रबंध १९५८ सालचा. त्यासाठी त्यांनी शिकागो परिसरातील १०, १३ आणि १६ वर्षांच्या ७२ व्यक्तींना नैतिक पेच घातले. हे ७२ही मुलगे होते. मुलगी एकही नव्हती. त्यांच्या उत्तरांवरून सहा पायऱ्या बसविण्यात आल्या आणि पुढे त्यांनाच मानवी नीतीच्या पायऱ्या म्हटले गेले. मग स्त्रियांना त्याच शिडीवर उभे केले, तेव्हा बऱ्याच जणी तिसऱ्या पायरीवर, म्हणजे नात्यांत चांगले ठरण्याच्या पायरीवर, थबकलेल्या दिसल्या.

हार्वर्डमध्ये कोलबर्ग यांच्यासमवेत काम करणाऱ्या कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली 'इन अ डिफरंट व्हॉइस' या ग्रंथात प्रश्न केला, दोष स्त्रियांत की शिडीत? त्यांनी अकरा वर्षांच्या दोन मुलांची उदाहरणे दिली. पेच प्रसिद्धच आहे. हाइन्झची बायको मरणाच्या दारी आहे. औषध एका दुकानदाराकडेच मिळते आणि त्याने ते दसपट किमतीला ठेवले आहे. हाइन्झने चोरी करावी काय? जेक म्हणतो, करावी. पैशापेक्षा जिवाचे मोल अधिक. त्याला हा प्रश्न गणितासारखा वाटतो. एमी चाचरते. चोरी नको, पण बायको मरताही कामा नये. तो उसने घेईल, कर्ज काढील. चोरी करून तुरुंगात गेला तर बायकोचे आजारपण कोण पाहील? दुकानदाराशी नीट बोलावे, काही मार्ग निघेल. शिडीच्या हिशेबात जेक वर, एमी खाली. प्रश्न विचारणारा तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो तशी एमी अधिकच गोंधळते. पण गिलिगन दाखवून देतात की, एमी वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होती. जेक विचारीत होता, कोणते तत्त्व श्रेष्ठ? एमी विचारीत होती, या माणसांमधले नाते तुटू न देता हे कसे निभावेल? हे वाचताना आमच्या कानांत एक जुने वाक्य पुन्हा वाजले: मग म्हातारीला कोण बघणार?

गिलिगन यांच्या विवेचनाचा एक भाग गर्भपाताचा विचार करीत असलेल्या २९ स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला आहे. त्या कृतीविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांस ठाऊक आहे आणि आमचीही तीच श्रद्धा आहे. पण एखाद्या स्त्रीने पेचात विचार कसा केला हे समजून घेणे म्हणजे तिच्या निर्णयाला संमती देणे नव्हे. संकटात सापडलेल्यांचे ऐकून घेणाऱ्या धर्मगुरूला हा भेद समजावून सांगावा लागू नये.

टीकेचीही परीक्षा

येथे लेख संपविला तर तो सोयीचा होईल, खरा होणार नाही. गिलिगन यांच्या म्हणण्याचीही परीक्षा झाली. १९८४ साली लॉरेन्स वॉकर यांनी कोलबर्ग-पद्धतीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्त्री-पुरुषांच्या पायऱ्यांत फरक क्वचितच आढळला. आणि जेथे आढळला तेथे तो बहुधा शिक्षण आणि व्यवसाय यांच्या विषमतेतून आलेला दिसला. २००० साली सारा जॅफी आणि जॅनेट हाइड यांनी असाच मोठा आढावा घेतला. जिव्हाळ्याच्या भाषेकडे स्त्रियांचा आणि न्यायाच्या भाषेकडे पुरुषांचा कल निघाला, पण तो अल्प. हाइड यांनी २००५ साली स्त्री-पुरुष भेदांविषयीचे ४६ एकत्रित आढावे जमेस धरले, तेव्हा ७८ टक्के भेद शून्याच्या जवळपास किंवा किरकोळ ठरले. हेलन थॉम्प्सन यांनी पन्नास जणांवरून जे १९०३ साली सांगितले होते, तेच शंभर वर्षांनी पुन्हा निघाले.

दुसरी साक्ष आपल्या देशातील आहे. जोन मिलर आणि डेव्हिड बेरसॉफ यांनी १९९२ साली अमेरिकेतील आणि आपल्या म्हैसूरमधील व्यक्तींना काही पेच घातले. मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या वेळेवर पोहोचवावयाच्या आहेत आणि त्यासाठी दुसऱ्याचे रेल्वेचे तिकीट घेतल्यावाचून गत्यंतर नाही, अशा धर्तीचे. अमेरिकन लोक बहुधा न्यायाच्या बाजूला झुकले. म्हैसूरकरांनी मात्र नात्यातील कर्तव्याला प्राधान्य दिले, आणि ते आवड म्हणून नव्हे, तर नैतिक बंधन म्हणून. म्हणजे ज्या जिव्हाळ्याला अमेरिकेत बायकांची नीती म्हटले गेले, ती आपल्याकडे पुरुषांचीही नीती आहे. फळ्यावरच्या त्या शिडीवर केवळ ती विधवाच खाली उभी नव्हती. त्या वर्गात बसलेल्या आम्हां सर्वांचे बाप आणि आजेही कदाचित तिच्या शेजारीच उभे होते, आणि आम्ही ते ओळखले नाही.

या इतिहासातून एक सूत्र निघते असे आम्हांस वाटते. ब्रोका खोटे बोलले नाहीत, थॉर्नडाइक नाहीत, कोलबर्गही नाहीत. चूक आकड्यांत नव्हती. आधी एकाला माणूस म्हणून नक्की केले आणि मग दुसऱ्याला त्याच्याशी ताडून पाहिले, ही ती चूक. आणि तिची दुरुस्ती घोषणांनी झाली नाही. ज्यांनी २००० बालके तपासली, दररोज चाचण्या घेतल्या, धूळ खात पडलेल्या नोंदींतील वये पाहिली, त्यांनी ती केली. १९६९ साली मानसशास्त्रातील स्त्रियांची स्वतंत्र संघटना निघाली, १९७३ साली अमेरिकन संघटनेत स्त्रियांच्या मानसशास्त्राचा विभाग झाला, १९८८ साली संशोधनातील लिंगभेदी पूर्वग्रह टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांतले एक तत्त्व साधे आहे. पुरुषांचा अभ्यास केला असेल तर तो पुरुषांचा म्हणावा, मनुष्याचा म्हणू नये.

राहिली ती विधवा. गिलिगन वाचल्यावर पहिल्या भरात आम्हांस वाटले होते की, तिचा निर्णय उच्च प्रतीचा होता आणि आपण तो ओळखला नाही. आज तेही पुरते खरे वाटत नाही. तिच्या मायेला खालची पायरी म्हणणे हा एक अन्याय; पण तीच माया थोर म्हणून गौरवावी आणि तिचा वाटा दिरांच्या पदरी जाऊ द्यावा, हा दुसरा अन्याय. बायकांच्या त्यागाची स्तुती करणे आम्हां धर्मगुरूंना फार सोपे जाते. गिलिगन यांनीही आत्मत्यागाला शेवटचा टप्पा मानलेले नाही. ज्यांची काळजी घ्यावयाची त्यांत स्त्रीने स्वतःलाही धरावे, तेव्हा ती नीती पूर्णत्वास जाते, असे त्या म्हणतात. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, या आज्ञेतही 'स्वतः' आहेच.

त्या बाईने सही केली की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. पुढे आमची बदली झाली. खरे तर बदलीपूर्वी विचारावयास पुष्कळ अवधी होता. आम्ही विचारले नाही, कारण आमच्या लेखी तिचा निकाल लागलेला होता. आज ती समोर येऊन बसली, तर म्हातारीला कोण बघणार, हा तिचा प्रश्न आम्ही तिच्याइतक्याच गांभीर्याने घेऊ, आणि मग तिला एवढेच विचारू, "आणि तुला कोण बघणार?" त्या दिवशी कार्यालयात हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. आम्हीही तिला विचारला नाही.